दक्षिणेची वाट परतीपासून मोजा



दिवाळी सरली की दर्या निवळतो. पावसाळी लाट बसलेली असते, आभाळ मोकळं असतं, सकाळचं पाणी तेलासारखं दिसतं. या दिवसांत आपल्याकडच्या काही लहान होड्या दक्षिणेची वाट धरतात. कुणाला होडीचं काम मालपेला करून घ्यायचं असतं, कुणी विकलेली होडी पोचवायला निघतो, कुणी तिथे घेतलेली होडी आणायला जातो. मुरगाव ते मालपे अंतर सुमारे १४० सागरी मैल. नकाशावर बघितलं तर १५ अंश २५ मिनिटांवरून १३ अंश २० मिनिटांवर उतरायचं, म्हणजे जेमतेम दोन अंश. ट्रकने होडी नेली तर एका रात्रीचं काम. पण होडी पाण्यातून न्यायची म्हटलं की हिशोब बदलतो.

बहुतेक जण हिशोब फक्त जाण्याचा करतात. "समुद्र शांत आहे, किनारा डाव्या हाताला दिसतोय, मग काय?" असं म्हणून निघतात. म्हणून आज या वाटेबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं.

पाणी कुठे चाललंय?

आपल्या किनाऱ्याचं पाणी वर्षभर एकाच दिशेने वाहत नाही. पावसाळ्यात ते दक्षिणेकडे जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उलटं, दक्षिणेकडून उत्तरेकडे येतं. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी कन्याकुमारीला वळसा घालून केरळ, कर्नाटक करत आपल्यापर्यंत पोचतं. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेने या प्रवाहाचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. संस्थेचे माजी संचालक आणि नंतर गोवा विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. सतीश शेट्ये यांचं त्यात मोठं काम आहे.

मच्छीमाराला याचा अर्थ सरळ आहे: हिवाळ्यात दक्षिणेला जाताना पाणी समोरून येतं. त्याचा जोर रोज सारखा नसतो. कधी जाणवतही नाही, कधी चांगला ओढतो, आणि मध्येच काही दिवस उलटा फिरतो. पण सगळा हंगाम धरला तर ओढ उत्तरेला असते.

आता आकडे मांडून बघू. समजा तुमची होडी ताशी ६ सागरी मैल चालते. मुरगाव ते कारवार सुमारे ४० मैल. पाणी थांबलेलं असेल तर ६ तास ४० मिनिटं लागतील. समोरून ताशी १ मैलाचा ओढा असेल तर होडी जमिनीच्या हिशोबाने ५ मैलच चालणार, म्हणजे ८ तास. एक तास वीस मिनिटांचं तेल जास्त जळलं, तेही एकाच टप्प्यात. येताना त्याच पाण्यावर तीच होडी ७ मैल चालेल आणि पावणेसहा तासांत मुरगाव गाठेल. म्हणून जातानाचं तेल बघून येतानाचं तेल ठरवू नये, आणि येतानाचं बघून जातानाचं तर मुळीच नको.

वारा काय करतो?

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दोन वारे पाळीपाळीने वाहतात. शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो तेच: मतलई वारा आणि खारा वारा. रात्री जमीन लवकर थंड होते, घाटाकडून वारा समुद्राकडे उतरतो, तो मतलई. सकाळी आठ-नऊपर्यंत तो विरतो, मग तासभर सगळं थंड. उन्हं चढली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. आपल्याकडे तो सरळ पश्चिमेचा नसतो, वायव्येकडून तिरपा येतो. दुपारी दोन-तीनला त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. दिवस बुडाला की तोही बसतो.

म्हणजे दक्षिणेला जाताना दुपारचा वारा पाठीत असतो. ऐकायला बरं वाटतं. शिडाच्या जमान्यात ते खरंच बरं होतं. पण वारा खाली ढकलतोय आणि पाणी वर येतंय, अशा वेळी लाट आखूड आणि उभी होते. मोठ्या ट्रॉलरला त्याचं काही वाटत नाही. आउटबोर्ड लावलेल्या फायबरच्या होडीला मात्र वाटतं. मागून येणारी उभी लाट होडीचं ढुंगण उचलते, नाळ पाण्यात घुसवते आणि होडी आडवी फिरवायला बघते. सामान मागे रचलेलं असेल तर लाट थेट आत येते.

त्यात आणखी एक गोष्ट. हिवाळ्यात इराणच्या आखातावर शमाल नावाचे वायव्येचे वारे सुटतात. त्यांनी उठवलेली लाट अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागते. इथे पान हलत नसतं आणि तरी मोठी लांब लाट येत राहते. खोल पाण्यात ती होडीला अलगद उचलून खाली ठेवते. खाडीच्या तोंडावर उथळ पाणी लागलं की तीच फुटते.

जुने लोक हे ओळखून होते

ही वाट नवी नाही. पोर्तुगीज काळात गोव्याला लागणारा बराचसा तांदूळ कानडा किनाऱ्यावरून यायचा. मंगळूर, बसरूर, होन्नावर या बंदरांतून तांदळाच्या लहान गलबतांचे काफिले पावसाळा संपला की ये-जा करायचे. १६२३ च्या ऑक्टोबरमध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी गोव्याहून समुद्रमार्गे होन्नावरला गेला आणि तिथून इक्केरीला. पुढे १८६५ मध्ये मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला, आणि मंगळुरी कौलं पडाव-मचव्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर येऊ लागली. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या घरांवर ती अजून आहेत. या सगळ्या नावा आगोटीच्या आत परत यायच्या हिशोबानेच निघत.

सगळ्यात मोठं उदाहरण छत्रपती शिवाजी महाराजांचं. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेला निघाले आणि कुंदापूरजवळच्या बसरूरवर त्यांनी छापा घातला. इंग्रजांच्या नोंदीत ८५ गलबतं आणि ३ मोठी जहाजं असा आकडा येतो. जाताना काम वेगात झालं. परतीच्या वाटेबद्दल मात्र ग्रँट डफ आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहितो की वायव्येच्या जोरदार वाऱ्याने महाराजांना बरेच दिवस अडवून धरलं. गोकर्णाला त्यांनी तीर्थस्नान केलं आणि तिथून बरोबर निवडक सैन्य घेऊन अंकोला, कारवारकडे जमिनीवरून आले.

एवढं मोठं आरमार, एवढे जाणते दर्यावर्दी, तरी परतीला वारा नाकात आला. आज आपल्याकडे इंजिन आहे, पण वायव्येचा वारा तोच आहे. गोष्टीतून घ्यायचं एवढंच: दक्षिणेला जाताना वारा पाठीत आणि पाणी नाकात, येताना पाणी पाठीत आणि वारा नाकात. दोन्ही बाजूंना काहीतरी भरावंच लागतं. कुठे, कधी भरायचं हे आधी ठरवलं तर स्वस्तात सुटतं.

मुक्काम कुठे, किती?

एका दमात मालपे गाठायचा हट्ट लहान होडीने धरू नये. वाटेत बंदरं जवळजवळ आहेत. अंतरं सुमाराची, सागरी मैलांत:

मुरगाव ते कारवार (बैतखोल): ४०
कारवार ते तदडी: २० ते २५
तदडी ते भटकळ: ३५
भटकळ ते गंगोळी: २२
गंगोळी ते मालपे: १८

कुटबणहून निघणाऱ्यांना पहिला टप्पा बराच कमी पडतो. एकूण पाच टप्पे. प्रत्येक टप्प्याला एकच नियम: पहाटे मतलई वाऱ्यावर निघायचं आणि खारा वारा जोर धरायच्या आत बंदरात शिरायचं. किनाऱ्याकडून येणाऱ्या मतलईत किनाऱ्याजवळ लाट उठायला जागाच नसते, त्यामुळे पाणी सपाट मिळतं. मुरगावहून पहाटे तीनला निघालात तर पाणी समोरून असलं तरी अकराच्या सुमाराला कारवार येतं. दुपारी दोनपर्यंत पोचू असा हिशोब निघत असेल तर टप्पा मोठा आहे, तो तोडा.

काही जागा ध्यानात ठेवा. कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे, आणि अंजदीव बेटही नौदलाच्या ताब्यात आहे. तिथे जवळ जाऊ नका, नांगर टाकू नका, वाट लांबली तरी बाहेरून जा. तदडीला अघनाशिनीचं तोंड आहे, आत मच्छीमार बंदर आहे. पुढे होन्नावरला शरावतीचं तोंड लागतं. तिथला वाळूचा दांडा जागा बदलत असतो, म्हणून आम्ही होन्नावर मुक्कामात धरलेलंच नाही. अडचण आलीच तर तिथल्या स्थानिक होडीच्या मागेच आत शिरा. मुर्डेश्वरची शंकराची मूर्ती आणि गोपूर समुद्रातून लांबूनच दिसतं, म्हणजे भटकळ जवळ आलं. गंगोळीला पाच नद्या एकत्र येऊन मिळतात, तिथेही तोंडावर जपून.

भरती बुटकी होत जाते

आपल्यापैकी अनेकांच्या हे लक्षात येत नाही. मुंबईला भरती-ओहोटीचा फरक उधाणाला पाच मीटरच्या घरात जातो. गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास येतो. मंगळूरला आणखी कमी, कोचीला तर मीटरभरही मिळत नाही. म्हणजे दक्षिणेला जाल तशी भरती बुटकी होते. मांडवीच्या तोंडावर आग्वादला "भरती आली की जाऊ" असं म्हणायची आपल्याला सवय आहे. गंगोळीला तीच भरती तुम्हाला एवढं पाणी देणार नाही. शिवाय दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी असते, एक लहान. मोठी कुठली हे निघायच्या आधी तक्त्यात बघून ठेवा. दांड्यावर लाट फुटताना दिसली तर आत शिरायची घाई नको. बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून तास-दोन तास थांबलेली होडी दुसऱ्या दिवशी निघते.

वादळ त्याच वाटेने वर येतं

हिवाळ्याचा समुद्र शांत म्हणतो खरा, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही हंगाम आहे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये फयान दक्षिणेकडून किनाऱ्याच्या बाजूने वर आलं आणि ११ तारखेला अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर चढलं. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यारने आपल्याला झोडपलं. नाफ्ता भरलेलं जहाज दोनापावल्याच्या खडकाला लागलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. ते वादळ पश्चिमेला सरकतं न सरकतं तोच लक्षद्वीपकडून महा उठलं.

२०१७ चं ओखी तर विसरताच येणार नाही. २९ नोव्हेंबरला सकाळी ते साधा कमी दाबाचा तीव्र पट्टा होतं. २४ तासांत, ३० तारखेला, कन्याकुमारीजवळ त्याचं चक्रीवादळ झालं. खोल समुद्रात आधीच गेलेल्या केरळ-तामिळनाडूच्या होड्यांना बातमीच पोचली नाही. शेकडो माणसं गेली. जी वाचली त्यांतल्या काही होड्या वाऱ्याबरोबर कुठवर आल्या बघा: ६८ होड्या आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागले. गोव्यात वारा फारसा नव्हता, तरी ३ डिसेंबरच्या पौर्णिमेच्या उधाणात लाटा आत येऊन पेडण्यापासूनच्या किनाऱ्यांवर शॅकांचं नुकसान झालं.

दक्षिणेला निघालेली होडी अशा वादळाच्या तोंडाकडे चाललेली असते. वादळ आपल्याकडे यायला दोन दिवस लागणार असतील तर भटकळला असलेल्या होडीकडे तेवढे नसतात. म्हणून प्रत्येक पहाटे निघायच्या आधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज बघायचाच. गोव्याचा बघून चालणार नाही. कर्नाटक, केरळ आणि लक्षद्वीप, तिन्हीकडचा बघा. लक्षद्वीपकडे कमी दाब असं नुसतं लिहिलेलं दिसलं तरी आहात त्या बंदरात थांबा.

कागद आणि हद्द

पोळेच्या पुढे कर्नाटक. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी प्रत्येक राज्याच्या आपल्या कायद्याखाली येते. आपला कायदा १९८० चा, कर्नाटकाचा १९८६ चा. गोव्यात नोंदलेली होडी तिथून जाऊ शकते, पण परवान्याशिवाय तिथे जाळं टाकता येत नाही. वाटेत बांगड्याचा थवा दिसला तरी हात आवरा. जाळी बांधून, झाकून ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला शंका राहणार नाही. नोंदणीचे कागद, विमा, प्रत्येकाचं ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बरोबर घ्या. पोचाल त्या प्रत्येक बंदरात किनारी पोलिसांना सांगून ठेवलं तर पुढची विचारपूस सोपी जाते.

घरच्यांसाठी

हा भाग बायको, आई, भाऊ, जे कुणी घरी राहतं त्यांच्यासाठी.

१३ डिसेंबर २०१८ ला मालपेहून सुवर्ण त्रिभुज ही होडी सात जणांना घेऊन निघाली. तिचा संपर्क तुटला. बुडालेली होडी नौदलाला मालवणसमोरच्या समुद्रात सापडली ती २०१९ च्या मे महिन्यात. साडेचार महिने सात घरं वाट बघत होती. काय झालं यावर इथे बोलायचं नाही. पण होडी नेमकी कुठे आहे हे जमिनीवर कुणाला तरी ठाऊक असणं म्हणजे काय, हे त्या घरांनी सोसलं.

म्हणून घरात एक कागद लावून ठेवा. त्यावर होडीचा नोंदणी क्रमांक, रंग, किती माणसं, कुठल्या तारखेला कुठलं बंदर, आणि किती वाजता फोन यायला हवा, हे लिहा. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास फोन आला नाही तर आधी त्या बंदरात ओळखीच्या माणसाला विचारा. तिथेही पत्ता नसेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावा. "उगाच गोंधळ नको" म्हणून रात्र घालवू नका. रात्री इंजिन बंद पडलेली होडी मतलईने बाहेर आणि पाण्याने वर, म्हणजे साधारण वायव्येला जात राहते. जितका उशीर, तितका शोधायचा पट्टा मोठा.

होडीवाल्यांनी व्हीएचएफचं १६ नंबर चॅनल उघडं ठेवायचं. ट्रान्सपाँडर किंवा संकटाचा इशारा देणारं डॅट यंत्र असेल तर निघायच्या आदल्या दिवशी चालू करून बघायचं. जॅकेट होडीत नको, अंगावर हवं. आणि नांगराला दोर भरपूर हवा. इंजिन गेलं की नांगर हाच ब्रेक.

परत कधी यायचं?

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडे येणारं पाणी परतीला तुमच्या बाजूने असतं. वारा मात्र दुपारी नाकात येणार, म्हणून येतानाही मध्यरात्रीनंतर निघून दहा-अकराच्या आत बंदर गाठायचं. मार्च लागला की पाणी हळूहळू दक्षिणेकडे वळतं आणि वायव्येचा वाराही वाढत जातो. तेव्हा उत्तरेला यायचं म्हणजे पाणीही नाकात आणि वाराही नाकात. होडी तीच, माणसं तीच, पण तेल जास्त आणि मार जास्त.

तेव्हा काम कितीही राहिलं असलं तरी फेब्रुवारीच्या आत परतीला लागा. नाही जमलं तर होडी तिथेच सुरक्षित ठेवा किंवा ट्रकने आणा. भाडं जाईल, पण तेवढंच जाईल. आणि जाताना तेलाचा हिशोब असा ठेवा की प्रत्येक बंदरात शिरताना टाकीत एक तृतीयांश तेल शिल्लक असेल. ते दांड्याबाहेर थांबायला, मागे फिरायला आणि वाऱ्यापासून पळायला असतं.

या हंगामात आपल्या सोसायटीतून कोण कोण दक्षिणेला जाणार आहे ते खाली लिहा. दोन होड्या एकाच सुमाराला निघणार असतील तर एकत्र निघा. ज्यांनी ही वाट अनेकदा केली आहे त्या जाणत्या तांडेलांनी आपले अनुभव जरूर सांगावेत, विशेषतः होन्नावर आणि गंगोळीच्या तोंडाबद्दल. आणि घरच्या ग्रुपवर हा लेख पाठवा, कागद लावायचं काम त्यांचं आहे.

दर्याराजा सगळ्यांना सुखरूप परत आणो.